पाणी कुणीकडं गेलं

त्या सकाळी आबांनी देवळातला आपला पाट घरी आणला आणि ओट्यावर भिंतीला टेकवून वाळत ठेवला. वाळत ठेवला म्हणायचं एवढंच. श्रावण लागला तरी ऊन म्हणून दिसलं नव्हतं, ढग आमच्या अंगणात उतरून बसले होते. भागाआत्या चुलीपुढून उठून बाहेर आली, तिने पाटाला बोट लावून पाहिलं.

"देऊळ गळाय लागलं का काय, दादा?"

आबा नुसते पाटाकडे बघत उभे राहिले. माझे वडील, तुळाजी गुरव, वाघजाईचे पुजारी. मुळातच बोलण्यात कंजूष माणूस, त्यामुळे आम्हा दोघींना त्यात काही वावगं वाटलं नाही. आत्या परत चुलीकडे गेली आणि मला म्हणाली, "तुझा बाप देवीशी बोलून बोलून दमतो, आपल्या वाटणीला काय उरत न्हाय."

मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते आणि दिवस भरत आले होते. आई मी लहान असतानाच गेली. आत्या विधवा होऊन कोकणातल्या सासरहून परतली ती आमच्याच घरी राहिली आणि हळूहळू सगळ्या वाडीची सुईण झाली. माझं पोट खाली उतरलंय, आता उंबऱ्याबाहेर फार हिंडायचं नाही, असं तिने मला बजावून ठेवलं होतं. मीही ते आनंदाने ऐकत होते, कारण चालायचं म्हटलं तरी मला भीती वाटत होती.

पुढे मी कराडच्या एका शाळेत भूगोल शिकवला. पुस्तकातला सह्याद्री म्हणजे काळ्या कातळाची उभी भिंत, कधी न हलणारी, आणि त्याच्या माथ्यावर जलविभाजक. हा शब्द फळ्यावर लिहिताना मला दर वेळी आमच्या घराच्या पागोळ्या दिसायच्या. आमची वाडी, धारवाडी, नेमकी त्या माथ्यावर होती. पुढच्या पागोळ्यांचं पाणी अंगणातून पूर्वेला उतरायचं, ओढ्याने कोयनेला मिळायचं, कोयनेतून कृष्णेत, आणि कृष्णेबरोबर सगळा मुलूख ओलांडून पलीकडच्या समुद्रात. मागच्या पागोळ्यांचं पाणी परसातून कड्यावर जायचं आणि तिथून थेट खाली कोकणात. आत्या खरकटं पाणी मुद्दाम मागच्या दारी फेकायची. "जाऊ दे माझ्या सासरला," म्हणायची.

वाडीच्या आणि कड्याच्या मध्ये वाघजाईची राई होती. बाहेरून पाहिलं तर हिरवा ढीग, आत शिरलं की दिवसा दिवा लावावा असा अंधार. अंजन, जांभूळ, हिरडा, कुंभा, आणि त्यांच्यावर चढलेल्या गारंबीच्या मांडीएवढ्या वेली. शेंड्यांवर शेकरांची घरटी. धनेशाची जोडी उडाली की पंखांचा आवाज घरात ऐकू यायचा. राईतली वाळकी काडीसुद्धा बाहेर न्यायची नाही असा नेम होता. पडलेलं झाड पडल्या जागी कुजायचं, त्यावर अळंबी उगवायची, तीही आम्ही तोडायची नाही. लहानपणी मी तिथलं एक पान केसांत खोवलं म्हणून आबांनी मला थोबाडीत मारली होती. त्यांनी मला मारलं ते तेवढंच.

राईच्या पोटातून वाडीचा झरा यायचा. उन्हाळ्यातसुद्धा तो आटलेला कुणी पाहिला नव्हता. आदल्या दिवशी तो एकाएकी तांबडा झाला. आणि त्या सकाळी, बाहेर पाऊस कोसळत असताना, बंद पडला.

बायका रिकाम्या कळश्या घेऊन परत आल्या आणि थोड्याच वेळात बयाजी शेलार आमच्या अंगणात उभे राहिले. बयाजीकाका वाडीचे मानकरी. आवाज मोठा, मिशा त्याहून मोठ्या, मन मात्र साफ. त्या वर्षी त्यांचा उत्साह विचारू नका, कारण कारवी फुलणार होती. सात वर्षं मुकी राहणारी ही झुडपं एकदाच काय ती फुलतात, सगळा उतार निळाजांभळा होतो, आणि मग मधमाश्या कड्याकपारीत जी पोळी लावतात ती बघायला माणसं लांबून येतात. कळ्या धरल्या होत्या. काकांनी मधासाठी दोर वळून ठेवले होते. आता त्यांचा चेहरा उतरलेला होता.

कुणीतरी राईत हात घातलाय, त्याशिवाय वाघजाई आई पाणी बंद करणार नाही, असं त्यांचं म्हणणं. कौल लावायचा आणि आईला काय हवं ते विचारायचं, कोंबडं मागते की बकरं. आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग पाटाकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "चला. लावू कौल."

पाट त्यांनी बरोबर घेतला नाही.

कौल लावणं आमच्याकडे रोजचं नव्हतं. लग्न जमवायचं, जमीन नांगरायची, गाव सोडायचं, अशा मोठ्या गोष्टींनाच आईला विचारायचं. पुजारी देवीच्या दोन्ही खांद्यांना एकेक ओली पाकळी चिकटवतो आणि सर्वांदेखत प्रश्न विचारतो. उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. कौलाला घरी कुणी राहायचं नाही, म्हणून मीही गेले. पाकळी पडेपर्यंत सगळ्यांनी गप्प उभं राहायचं. एकदा उत्तर आलं की त्यावर वाद नाही.

देऊळ एवढंसं, जांभ्या दगडाचं. आत पुजाऱ्याशिवाय कुणी मावत नसे. पुरुष दारासमोर घोंगडी पांघरून उभे राहिले आणि आबांच्या पाठीमुळे त्यांना देवी दिसेना. बायकांना दर्शनासाठी बाजूच्या भिंतीत एक झरोका होता. तिथे वरून पागोळी लागत नव्हती, म्हणून बायकांनी मला पोटुशीला पुढे केलं आणि त्या मागे पानांची इरली डोक्यावर घेऊन थांबल्या. झरोक्यातून मला देवी दिसत होती, आणि आबांचं तोंड.

आबांनी पाकळ्या लावल्या. हात जोडले. बयाजीकाकांनी सांगितलेला प्रश्न ते विचारणार असं सगळे धरून चालले होते.

"आई," आबा म्हणाले, "वाडी सोडून जावं का हितंच ऱ्हावं? जायाचं असंल तर उजवा दे. ऱ्हायाचं असंल तर डावा दे."

दारात कुजबुज झाली. बयाजीकाकांचा आवाज आला, "गुरवा, ह्ये काय इचारतोयस?" पण प्रश्न विचारून झाला होता. तो मागे घेता येत नाही. मलाही काही कळेना. झरा आटला म्हणून भर पावसात वाडी सोडायची? लेकरंबाळं, गुरं, म्हातारी माणसं? आणि मी? सगळ्यात जवळचं गाव पानवळ, आणि तिथे जायचं म्हणजे अख्खा सडा तुडवायचा. मी डोळे मिटून आईला म्हटलं, डावा दे.

डोळे उघडले तेव्हा डावी पाकळी सुटली होती. देवीच्या हातावरून घसरत ती पायाशी पडली. उजवी जागच्या जागी होती. मला इतकं हायसं वाटलं की मी हसले.

मग आबांनी ती डावी पाकळी उचलली. तांब्यात बुडवली. पुन्हा देवीच्या डाव्या खांद्यावर ठेवली आणि अंगठ्याने घट्ट दाबली. आणि त्याच अंगठ्याच्या नखाने उजवी पाकळी उचकटून खाली पाडली.

त्यांनी वर पाहिलं. आमची नजरानजर झाली.

"उजवा," आबा मोठ्याने म्हणाले.

आपण काय पाहिलं ते डोळ्यांना कळलं होतं, डोकं घ्यायला तयार नव्हतं. हा माणूस अंघोळीशिवाय देवीचं नावसुद्धा तोंडात आणत नसे. देवीला वाहिलेलं फूल सुकलं तरी ते काढताना आधी तिची माफी मागायचा. एक पान खोवलं म्हणून ज्याने पोटच्या पोरीला थोबाडीत मारली, त्याने देवीचं बोलणं फिरवलं होतं. आणि फिरवून मला घराबाहेर काढलं होतं.

बाहेर गलका सुरू झाला. बयाजीकाका आबांना म्हणाले, पुन्हा लाव. आईला दोनदा विचारत नाहीत, असं आबांनी सांगितलं. ते खरंच होतं, पण काकांचं समाधान होईना. ते देवळाला वळसा घालून माझ्याकडे आले. चिखलात उभे राहून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि सगळी वाडी त्यांच्यामागे माझ्याकडे पाहू लागली.

"यसू, तू झरोक्याशी हुतीस. तुझ्या पोटात लेकरू हाय, तू आईसमोर खोटं बोलायची न्हाईस. काय दिलं आईनं?"

एक शब्द पुरला असता. डावा. मग मी घरी गेले असते, आत्याने शेकायला निखारे दिले असते. आबांची मात्र वाडीने काय गत केली असती ते सांगायला नको. झरोक्यातून मी आत पाहिलं. आबा माझ्याकडे बघत नव्हते. त्यांच्या अंगठ्याला पाकळीचा तुकडा चिकटून राहिला होता आणि तो हात ते धोतराला पुन्हा पुन्हा पुसत होते. देवीपुढे धोतराला हात पुसताना आबांना मी जन्मात पाहिलं नव्हतं. त्या हाताने मला जास्त घाबरवलं, राईपेक्षा, झऱ्यापेक्षा, सगळ्यापेक्षा.

"उजवा, काका," मी म्हणाले.

पुढचं सगळं घाईत झालं. कौल मिळाल्यावर बयाजीकाकांनी वेळ घालवला नाही, हा त्यांचा मोठेपणा. दावी सोडा, पोरं कडेवर घ्या, भांडी राहू देत, असं ओरडत ते घरोघर फिरले. मधूनच त्यांचं मन कारवीकडे जायचं. "सात वर्सं वाट बघितली, आन् फुलायच्या टायमाला आई म्हनते चालते व्हा," असं स्वतःशीच पुटपुटत होते.

खरं भांडण आमच्या घरात झालं. आत्याने दार अडवलं. तिच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की आबा घर सोडून राईत जाऊन बसायचे, त्या दिवशी मात्र ते उभे राहिले. पोर वाटेत बाळंत झाली तर काय करायचं, पावसात नाळ कुठे कापायची, हे तिने विचारलं. मग तिचा आवाज फुटला.

"पोरीला माराय निघालास का, दादा?"

"भागा," आबा म्हणाले, "तिला घेऊन तू फुडं हो. माझं एवढं ऐक."

एवढंच. पण ते असं म्हणाले की आत्या बाजूला झाली. दोघा गड्यांनी कांबळ्याची झोळी बांबूला बांधली आणि मला तीत बसवलं. मी आबांना विचारायला तोंड उघडलं होतं, तोवर ते मागे फिरले. देवळात दिवा लावून येतो म्हणाले.

सडा म्हणजे डोंगराचा सपाट माथा. नुसता कातळ, आणि कातळावर पाण्याचा पातळ पडदा. उन्हाळ्यात तिथे पाय भाजतात आणि गवताची काडी दिसत नाही. श्रावणात त्याच दगडावर कुठून इतकं येतं कोण जाणे. झोळीतून मला खालचं सगळं जवळून दिसत होतं. टाचणीच्या डोक्याएवढी निळी फुलं, सोनकीचे पिवळे पट्टे, तेरडा, खळग्यांत बेडकांची पिल्लं, दगडाच्या रंगाचे खेकडे. लहानपणी मी या दिवसांत सड्यावरून हलत नसे. त्या दिवशी ते सगळं पाहून मला रडू येत होतं. आपल्या बापाचं डोकं फिरलंय आणि ते फक्त आपल्यालाच माहीत आहे, हे घेऊन मी त्या फुलांवरून चालले होते.

निम्मा सडा ओलांडला आणि मला कळ आली. आत्याने झोळी खाली ठेवायला लावली, पोटावर हात ठेवून पाहिलं आणि म्हणाली, आहे वेळ, घाबरू नकोस. पण तिचं तोंड पांढरं पडलं होतं. माणसं थांबली. मागून आबा येताना दिसले, डोक्यावर घोंगडं, हातात पूजेचा तांब्या. ते आमच्यापर्यंत पोचायच्या बेतात होते.

आधी पायाखालून आवाज आला. कानाला नंतर. गाडीभर दगड ओतावेत तसा, पण तो संपेना. म्हशी एकदम वळून पळाल्या. आम्ही सगळ्यांनी मागे पाहिलं. वाऱ्याने नेमके ढग तेवढेच फाटले होते आणि धारवाडी स्वच्छ दिसत होती. आमचं घर, बयाजीकाकांचं घर, त्यामागे राई.

राई चालत होती. दुसरा शब्द मला आजही सापडत नाही. झाडं पडत नव्हती. उभीच्या उभी, शेंडे न हलवता, एका ओळीत कड्याकडे सरकत चालली होती, आणि त्यांच्या मागोमाग घरं निघाली. आमच्या घराचं छप्पर थोडा वेळ पाण्यावरच्या सुपासारखं तरंगलं. मग कड्याचा काठच राहिला नाही. सगळं एकदम खाली गेलं आणि तिथून तांबडी धूळ की पाणी, काहीतरी वर उसळलं. त्यातून धनेशाची जोडी बाहेर पडली आणि आमच्या डोक्यावरून पूर्वेला गेली. खाली कोकणच्या बाजूला माणूसवस्ती नव्हती, नुसतं जंगल होतं, नाहीतर काय झालं असतं याची कल्पना करवत नाही.

ढग पुन्हा मिटले. राईचा उत्तरेकडचा अर्धा भाग तेवढा उभा दिसला होता. देऊळ ज्या भागात होतं तो गेला होता.

एवढी माणसं त्या कातळावर उभी होती आणि नुसता पावसाचा आवाज येत होता. एका बाईने आपल्या मुलाला जवळ ओढलं आणि त्याच्या डोक्यावरून, खांद्यांवरून, दंडांवरून हात फिरवत राहिली, तो सगळा आहे की नाही हे पाहत असल्यासारखी. माझी कळसुद्धा थांबली होती. मला वाटलं, मी डावा म्हणाले असते. जिभेवर होता तो शब्द.

बयाजीकाकांनी पटका काढला. सावकाश चालत गेले आणि त्या पाण्यात आबांच्या पायांवर डोकं ठेवलं. मग एकेक करून सगळी वाडी वाकली.

आबा मागे सरले. "माझ्या पाया पडू नगंस, बयाजी," ते म्हणाले. "पडू नगंस."

लोकांना तो त्यांचा नम्रपणा वाटला.

दिवस मावळायच्या आत पानवळच्या शाळेत मला मुलगी झाली. आत्याने बाळाला पुसून माझ्याजवळ दिलं आणि इतका वेळ धरून ठेवलेलं रडून घेतलं. बाहेरच्या पडवीत वाडी टेकली होती, पानवळच्या लोकांनी भाकरी आणल्या होत्या, आणि वाघजाईने आपल्या लेकरांना कसं बाहेर काढलं ते जो तो दुसऱ्याला सांगत होता. सांगता सांगता गोष्ट वाढत होती. कुणी म्हणालं, उजवी पाकळी पडताना देवीच्या डोळ्यात पाणी होतं.

दुसऱ्या दिवशी आत्या गरम पाणी आणायला गेली तेव्हा आबा माझ्याजवळ येऊन बसले. बाळाकडे बघत राहिले. मीच सुरुवात केली.

"आबा, मी बघितलं."

"ठावं हाय."

"डोंगर येणार हे तुम्हाला कळलं होतं?"

"मला कशाचं कळतंय, पोरी." त्यांनी बाळाच्या अंगावरचं फडकं सारखं केलं. "काल सकाळी आईला पानी घातलं. रोज घालतो तसंच. रोज त्ये पूर्वेच्या पन्हळीतनं जातं. माझा बा घालत हुता तवाबी पूर्वेलाच जायाचं. काल गेलं न्हाय. मागं फिरलं, माझ्या पाटाखाली आलं आन् कड्याकडं गेलं. म्या परत घातलं. परत तिकडंच."

ओला पाट मला आठवला. भिंतीला टेकवलेला.

"आईची बैठक हलली एवढंच मला दिसलं. कुनाला सांगनार? बयाजी म्हनला असता, आईनं पाठ फिरवली, बकरं कापा. दिवस त्यातच गेला असता. कौलाबिगर कोन हाललं असतं?"

"म्हणून तुम्ही कौल फिरवलात."

"न्हाय, यसू." त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. "कौल म्या खरा लावला. मनापासनं इचारलं. मला वाटलं, आई जा म्हनंल. आई म्हनली, ऱ्हावा."

इतका वेळ मी समजत होते की आबांना काही ठाऊक होतं आणि कौल नावापुरता होता. आता कळलं, ते विचारायला गेले होते. जन्मभर जिची सेवा केली तिने त्यांना उत्तर दिलं होतं, आणि ते उत्तर आम्हाला सगळ्यांना घेऊन कड्याखाली गेलं असतं. बाळ दूध पीत होतं. मी त्याला इतकं घट्ट धरलं की ते रडलं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. डावा पडला आन् झरोक्यात तू हसलीस. तुझं त्वांड बघितलं. म्या म्हनलं, आई, तुला ऱ्हायाचं तर तू ऱ्हा. ह्यास्नी मी न्हेतो." त्यांनी अंगठा धोतराला पुसला, तिथे काही नव्हतं तरी. "आई खोटं बोलली असं म्हनायला माझी जीभ रेटत न्हाय. खोटं मी बोललो. पन मान्सं जगली ती त्या खोट्यानं. आता ह्याचं काय करू मी?"

मी रडणाऱ्या बाळाला खांद्यावर घेऊन थोपटू लागले.

"कुनाला सांगू नगंस," ते उठताना म्हणाले. "अर्धी राई अजून उभी हाय. तिथली काडी कोन मोडत न्हाय ती आईच्या धाकानं. आईचा कौल फिरवला हुता म्हनून कळलं, तर उद्या सकाळी कुऱ्हाडी जातील."

मी सांगितलं नाही. अर्धी राई आजही आहे. शेकरं आहेत, गारंबी आहे, आणि वाळकी काडी अजून कुणी नेत नाही. त्या वर्षी उरलेल्या उतारावर कारवी फुलली, बयाजीकाकांनी दोर तसेच ठेवले, मध काढला नाही. वाडी पानवळच्या माळावर नव्याने वसली आणि लोकांनी वाघजाईचा तांदळा, नुसता शेंदूर लावलेला दगड, बसवला. आबांनी त्याची पूजा शेवटपर्यंत केली. कौल मात्र पुन्हा लावला नाही. कुणी फार गळ घातली तर म्हणायचे, आईनं सांगायचं ते एकदा सांगितलं.

माझ्या मुलीचं नाव वाघजाईवरून ठेवावं असं सगळ्यांचं मत होतं. आबांनी कृष्णा ठेवलं. सुट्टीत आम्ही माळावर गेलो की रोज सकाळी ते दारासमोर तांब्याभर पाणी ओतायचे आणि बसून बघायचे. कृष्णाला तोवर उंबरा ओलांडू द्यायचे नाहीत. पाणी पूर्वेला गेलं की म्हणायचे, जा, खेळ. आत्या हसायची, म्हणायची, म्हातारा आता अंगणाची पूजा करतो.

आबांचं शेवटचं आजारपण माझ्या कराडच्या घरी झालं. डोळे गेले होते. एका सकाळी त्यांनी मला हाक मारली.

"यसू, दारात पानी वत."

मी तांब्या भरून उंबऱ्याबाहेर ओतला. आमच्या दारात नवी फरशी बसवली होती, गवंड्याने ती अगदी समपातळीत बसवलेली. पाणी पसरलं आणि तिथेच राहिलं. कुणीकडेच गेलं नाही.

"कुनीकडं गेलं?"

"पूर्वेला, आबा."

त्यांनी मान हलवली. "मग किस्नीला खेळाय सोड," म्हणाले, आणि भिंतीकडे वळले. कृष्णा त्यांच्या पायाशीच बसली होती, तिच्या मांडीवर तिची मुलगी झोपली होती.